बाईंच्या पुस्तकातले धागे

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते किराण्याच्या यादीपुरतं. तेव्हा ही वही कधी कोणाच्या हाती लागलीच तर आधीच माफी मागते. बाई असत्या तर त्यांनी माफी दिली नसती. खुर्चीच्या हातावर नख वाजवलं असतं, टक, आणि म्हणाल्या असत्या, "पुसून टाक. पुन्हा लिही."

ते टक मी अजून ऐकते. औषधाच्या बाटलीवरचं वाचताना ऐकते, रेशनच्या दुकानातली पाटी वाचताना ऐकते. काही सुटलं की टक. मागे वळून पाहिलं तर कोणी नसतं.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. अमरावतीत आमच्या चर्चच्या मंडळीत ज्यांनी त्यांना पाहिलं आहे त्यांना नावाची गरज नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की त्या बायबल-बाई होत्या. म्हणजे पूर्वी मिशनच्या ज्या बाया गावोगाव जाऊन घराच्या ओट्यावर नाहीतर वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून शास्त्र वाचून दाखवत, त्यातल्या. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. वलगावकडच्या गावांत अजून म्हाताऱ्या बाया त्यांचं विचारतात. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर चर्चच्या आवारातल्या एका खोलीत राहिल्या, आणि तिथेच काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले.

मी सकाळी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. दुपारी मोकळी असायची. आमच्या पाद्रीसाहेबांनी एक दिवस विचारलं, "तुम्हाला वाचता येतं ना? बाईंना रोज तासभर शास्त्र वाचून दाखवाल का? त्या महिन्याला काही देतील."

मी म्हटलं, "चौथीच झाली आहे, साहेब. बोट ठेवून वाचते."

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. "चौथीवालीच पाहिजे मले. जास्त शिकलेले लोक पुढचं ओळखून वाचतात. ही एकएक अक्षर वाचन."

दुपारी तीनला मी जायची. कूलरची वाळ्याची ताटी ओली करायची, स्टुलावर बसायची आणि त्यांचं जाडं काळं पुस्तक मांडीवर घ्यायची. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मत्तयाच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच बापलेकांच्या नावांची लांब यादी आहे. ती नावं म्हणजे तोंडात खडे. मी हळूच तीन नावं सोडली.

टक.

"तीन माणसं मारून टाकली तू," बाई म्हणाल्या. "त्यांले परत जन्माले घाल."

मी मागे जाऊन तिघांनाही जन्माला घातलं. बाईंनी मान डोलावली. "असं. लिहिलंय तसं वाच व पोरी. तुह्या मनचं वाचू नको."

हे त्यांचं नेहमीचं. लिहिलंय तसं वाच. जुन्या करारात काही ठिकाणी अशा गोष्टी आहेत की बाईमाणसाला मोठ्यानं वाचायची लाज वाटते. मी आवाज बारीक केला की म्हणायच्या, "देवाले लिहून घ्यायची लाज नाही वाटली, तुले वाचाची काहून वाटते?" मग मी मोठ्यानं वाचायची आणि खिडकीबाहेर शिवणयंत्र एकदम थांबायचं. खिडकीला लागून एका म्हाताऱ्या चाचांचं शिलाईचं दुकान होतं. ते रोज अर्धं शास्त्र फुकट ऐकायचे. बाईंना ते उस्तानी, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणायचे. "उस्तानी, आज का किस्सा तो बहोत गरम है," ते खिडकीतून म्हणायचे. बाई म्हणायच्या, "तुमी मशीन चालवा चाचा. गिऱ्हाईकाचा खिसा उलटा लावसान."

त्या पुस्तकात धागे होते. पहिल्या दिवसापासून मी ते पाहत होते पण विचारायची हिंमत नव्हती. लाल, हिरवे, निळे, शिलाईच्या दुकानातले उरलेले तुकडे. खूण म्हणून आपण पुस्तकात कागद घालतो, तसे हे नव्हते. एकच धागा दोन ठिकाणी जायचा. एका पानाच्या कडेला सुईनं बारीक भोक पाडून गाठ मारलेली, मग तो धागा पुस्तकाच्या वरून पुढे जाऊन दुसऱ्या लांबच्या पानाला तसाच बांधलेला. पुस्तक मिटलं की वरून रंगीत झालरीसारखं दिसायचं. मला वाटायचं म्हातारीचा छंद असेल.

मग एका दुपारी ते झालं. आम्ही प्रभूची हकीकत सांगणारे चौघं, मत्तय, मार्क, लूक, योहान, संपवून पुढे प्रेषितांच्या पुस्तकाला लागलो होतो. पहिल्याच अध्यायात यहूदाचं येतं, ज्यानं पैसे घेऊन प्रभूला धरून दिलं तो. मी बोट ठेवून वाचत होते. त्यानं त्या पैशांनी शेत घेतलं, तिथे तो पालथा पडला आणि पोट फुटून मेला, असं काही. माझं बोट थांबलं.

"काहून थांबली?" बाई म्हणाल्या.

मला वाटलं मीच काही चुकीचं वाचलं.

"बोल व."

"बाई, मागं मत्तयात तर यानं फाशी घेतली होती. आणि पैसे परत नेऊन देवळात फेकले होते. शेत त्यानं नव्हतं घेतलं, त्या याजकांनी घेतलं होतं."

बाई एकदम सरळ बसल्या. त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या हसत होत्या. "सापडलं तुले," म्हणाल्या. "रविवारी शंभर माणसं बसतात, जन्मभर ऐकतात. एकालेही नाही सापडलं. आता पाहाय, तिथं कोणता धागा आहे?"

पानाच्या कडेला लाल धागा होता. मी तो धरून मागे मागे गेले. तो थेट मत्तयात निघाला, जिथे यहूदा ती चांदीची तीस नाणी परत करतो आणि गळफास घेतो.

मग त्यांनी मला सांगितलं. तरुण असताना त्या वलगावच्या बाजूला एका वावरात निंदणाऱ्या बायांना वाचून दाखवायच्या. बाया खुरपी चालवत ऐकायच्या. एका बुधवारी त्यांनी हेच पान वाचलं आणि एक बाई, जिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, उठून उभी राहिली. म्हणाली, "बाई, मांगच्या महिन्यात त तुमी सांगतलं का त्यानं फाशी घेतली. आता पडून मेला म्हणता. माणूस दोनदा कसा मरन?"

घरी येऊन बाईंनी दोन्ही पानं काढून पाहिली, आणि दोन्ही तसंच म्हणत होती. आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. पुढच्या बुधवारी त्या वावरात जाऊन खरं ते सांगून आल्या, की तुझं बरोबर आहे, दोन्ही लिहिलेलं आहे, मला कळत नाही.

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती म्हणे, मंग पुस्तक खरं असन. आमच्या धुऱ्याच्या खटल्यात पाच साक्षीदार उभे केले होते समोरच्यानं. पाचही एकच बोलले, शब्दाले शब्द. पाचही शिकवून आणलेले होते. तुमच्या पुस्तकातले कोणी शिकवून नाही आणले."

त्या दिवशी बाईंनी पहिला धागा बांधला. त्यानंतर जिथे जिथे दोन जागा जुळल्या नाहीत तिथे तिथे बांधत गेल्या. मी म्हटलं, "तोडायचं सोडून बांधलं?"

"एका घरातली माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "भांडतील त भांडतील. घराबाहेर नाही जाऊ द्याचं कोणाले."

त्यानंतर आमच्या दुपारी वेगळ्याच झाल्या. प्रभूच्या कबरेपाशी गेलेल्या बायांना कोणी म्हणतो एक देवदूत दिसला, कोणी म्हणतो दोन. मला त्याची काळजी लागली. बाई म्हणाल्या, "भल्या पहाटे मसणात गेलेल्या भेदरलेल्या बाया त्या. मोजतील का?" मी इतकी हसले की चाचांनी खिडकीतून विचारलं, "क्या हुआ?" सांगितल्यावर ते म्हणाले, "मेरी बीवी को तो एक चोर भी चार दिखते थे."

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याला पुस्तक पाठ असतं म्हणून ते त्याला जास्त जपून हात लावतं. बाई तशा होत्या. दर रविवारी उपासनेत पहिलं शास्त्रवाचन त्यांचं असायचं. डोळे गेल्यावरही. मी त्यांचा हात धरून पुढे न्यायची, पुस्तक उघडून द्यायची, आणि त्या कोऱ्या डोळ्यांनी, ओळींवर बोट फिरवत, सगळा अध्याय तोंडपाठ म्हणायच्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आठवडाभर त्या त्याचसाठी जगत होत्या, असं म्हटलं तरी चालेल. शनिवारी साडीची घडी चारदा चाचपायच्या.

हेच वाचन त्यांच्या हातून गेलं. कसं गेलं ते आता लिहिते. ते लिहायलाच ही वही घेतली आहे.

आमचे पाद्रीसाहेब वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. ते नगरकडचे, मऊ बोलणारे. माझे मालक गेले तेव्हा चार दिवस त्यांच्या घरून डबा आला. माझ्या मुलीला अकोल्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा पहिल्या वर्षाची फी त्यांनी मंडळीच्या मदत फंडातून दिली. व्याज नाही, कागद नाही. म्हणाले, नोकरी लागल्यावर परत करा.

त्या वर्षी त्यांनी एक छापील कागद काढला. जे कोणी उपासनेत वाचतात, शिकवतात, त्या सर्वांनी सही करायची की पवित्र शास्त्रात कोणतीही चूक नाही. सगळ्यांनी केली. कोणी वाचून केली, कोणी न वाचता. बाईंचा कागद मी वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "ठेव तिकडं."

दोन आठवड्यांनी साहेब स्वतः आले. खाटेवर बसले, चहा घेतला. मी कोपऱ्यात कप धरून उभी.

"बाई, तुमच्यासारखं शास्त्र आमच्यात कोणाला येत नाही. तुम्हीच सही केली नाही तर तरुण मुलं काय म्हणतील?"

"साहेब, यहूदा कसा मेला?"

साहेब हसले. त्यांना हे ठाऊक होतं. "त्यानं गळफास घेतला. दोरी तुटली. मग तो खाली पडला. दोन्ही खरं आहे."

"दोरी तुटली हे कोणत्या अध्यायात आहे?"

साहेबांनी चहाचा घोट घेतला.

"नाही आहे ना? ते तुमी घातलं. मंग शास्त्रात आपल्या मनचं कोण घालून राहिलं, साहेब? मी का तुमी?"

मला वाटलं साहेब चिडतील. ते चिडले नाहीत. कप खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "माझी आई कॅन्सरनं गेली, बाई. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. ती नुसता शास्त्रावर हात ठेवून पडायची. तुम्ही म्हणता तसं असेल तर तिनं कशावर हात ठेवला होता? एक टाका उसवला की सगळं उसवतं. मला ते उसवू द्यायचं नाही."

चाचपडत बाईंनी साहेबांच्या हातावर हात ठेवला. "तुमच्या आईनं बरोबर जागी हात ठेवला होता," म्हणाल्या. "पण मी सही नाही करत. खोटी साक्ष देऊ नको, हेही त्याच पुस्तकात आहे."

मग मंडळीच्या पंचांची बैठक ठरली, रविवारी उपासनेनंतर. बाईंना बोलावलं होतं. त्यांचे गुडघे सुजले होते, वाचनापुरतंच कसंबसं उभं राहवत होतं. मला म्हणाल्या, "तूच जाय. रोज ऐकते तू. मी चूक म्हणत नाही, हे सांग त्यांले. दोन साक्षी आहेत म्हणतो, आन दोन्ही ठेवतो. ती वावरातली गोष्टही सांग. ऐकलं तसं सांग, बस."

मी आयुष्यात चार माणसांत बोलले नव्हते. माझ्या लग्नात नाव घ्यायचं होतं तेव्हाही माझ्याऐवजी बहिणीनं घेतलं. पण मी हो म्हटलं. शनिवारी रात्रीपर्यंत वाक्यं घोकली. रस्त्यानं जाताना घोकली.

बैठकीच्या खोलीत सहा माणसं होती. आत जाताना खजिनदारांनी आपणहून सांगितलं, "तुमच्या मुलीच्या दुसऱ्या वर्षाचा चेक तयार आहे हं. बुधवारी घेऊन जा." त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं. त्यात धमकी नव्हती. धमकी मीच त्यात घातली, जशी साहेबांनी दोरी तुटल्याची गोष्ट घातली होती.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही रोज त्यांच्याबरोबर असता. शास्त्रात चुका आहेत असं बाई म्हणतात, बरोबर?"

घोकलेलं सगळं तोंडात होतं. जीभ उचलली नाही. सहा माणसं पाहत होती. पंखा फिरत होता. मी मान हलवली.

वरून खाली. हो अशी.

खजिनदारांनी ठरावाच्या मोठ्या वहीत लिहिलं, आणि वही माझ्याकडे फिरवली. "साक्षीदार म्हणून इथे सही." मी सही केली. माझं अक्षर नेहमी वाकडं येतं. त्या दिवशी सरळ आलं.

खोलीवर परतले तेव्हा बाई खुर्चीत वाट पाहत होत्या. "सांगतलं?"

"हाव, बाई."

"वावरातल्या बाईचंही?"

"हाव."

"काय म्हणाले?"

"काही नाही. लिहून घेतलं."

त्या रविवारचं वाचन झालेलं होतं. पुढच्या शनिवारी मंडळीचं पत्र आलं. बाईंना पत्र आलं म्हणजे ते मीच वाचायचं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पाकीट फोडलं आणि बोट ठेवून वाचायला लागले. बाईंच्या सेवेबद्दल मंडळी ऋणी आहे, असं होतं. त्यांच्या डोळ्यांची काळजी वाटते, असं होतं. मग होतं की त्यांची रोजची वाचक, इथे माझं पूर्ण नाव होतं, हिनं पंचांसमोर दिलेल्या साक्षीवरून, बाई शास्त्रात चुका असल्याचं मानतात हे स्पष्ट झालं आहे, म्हणून रविवारचं वाचन आता दुसरे करतील.

माझं बोट माझ्या नावावर आलं. मी ते उचललं आणि पुढच्या ओळीत ठेवलं. "पंचांसमोर आलेल्या साक्षीवरून," असं वाचलं.

टक.

एवढंच. एकदाच. नख खुर्चीच्या हातावर वाजलं आणि तिथेच थांबलं.

"एक नाव राहिलं का व?" बाई म्हणाल्या.

"नाही, बाई."

कूलरमधून पाणी ठिबकत होतं. बाहेर चाचांचं यंत्र बंद होतं. बाई म्हणाल्या, "बरं. वाच पुढं."

मी जन्मात बाईंना दुसऱ्या कोणाला एक अक्षरही सोडू देताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या गेल्या नाहीत. दुपारी मी गेले तेव्हा इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आज पेत्राचं वाच. चौघांतलंही." पेत्र म्हणजे प्रभूचा जवळचा शिष्य. प्रभूला धरून नेल्यावर चुलीपाशी एका दासीनं त्याला विचारलं, तू याच्याबरोबरचा ना, आणि तो तीनदा नाही म्हणाला. ती जागाही धाग्यानं बांधलेली आहे, निळ्या. एकजण म्हणतो कोंबडा दोनदा आरवला, बाकीचे म्हणतात एकदा.

मी चारही ठिकाणी वाचलं. वाचता वाचता माझे कान तापले.

"कोंबड्याचं जमलं नाही त्यांचं," शेवटी बाई म्हणाल्या. "पण तो नाही म्हणाला, हे चौघंही सांगतात. आन नंतर रडला, हे कितीजण सांगतात?"

मी पानं उलटली. "तिघं. योहान नाही सांगत."

"काहून नाही सांगत?"

"मला काय ठाऊक, बाई."

"मले वाटते त्याले ठाऊक होतं. जुना दोस्त होता त्याचा. नसन सांगाचं त्याले." मग त्यांनी हात पुढे केला. "चहा ठेव आता. साखर कमी."

मी स्टोव्हपाशी जाऊन पाठमोरी रडले. आवाज केला नाही. त्यांना ऐकू आलंच असेल, त्यांना सगळं ऐकू यायचं. त्याच दुपारी मला सगळं सांगून टाकता आलं असतं. मी चहा गाळला.

ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा, बुधवारी मी चेक घेतला. मुलगी दुसऱ्या वर्षाला गेली.

त्यानंतर आठ महिने मी रोज वाचलं. बाईंनी तो विषय कधी काढला नाही. रविवारी आता एक तरुण मुलगा वाचायचा. चांगला वाचायचा, तेही खरं. साहेब अधूनमधून यायचे, बाईंसाठी पेरू आणायचे. दोघं हवापाण्याचं बोलायचे. जाताना साहेब दारात थांबायचे, जणू काही विसरलं आहे.

थंडीत एका दुपारी मी स्तोत्र वाचत होते. ऊन त्यांच्या पायावर आलं होतं. माझा डोळा लागल्यासारखं झालं आणि माझी एक ओळ सुटली. मी थांबले, टक होईल म्हणून. झालं नाही. मला वाटलं ऐकलं नसेल. पुढची ओळ मी मुद्दाम सोडली. तरी काही नाही. मग मी मान वर करून पाहिलं.

नख खुर्चीच्या हातावरच होतं.

त्यांना साहेबांनीच माती दिली, चांगल्या रीतीनं. कबरेपाशी बोलताना त्यांचा आवाज फुटला. चाचा फाटकाबाहेर टोपी घालून उभे होते. पुस्तक माझ्याकडे आलं, बाईंनी शेजारच्या नर्सबाईंना तसं सांगून ठेवलं होतं. पुस्तक माझ्याकडे आलं, पण मंडळीच्या वहीत ते वाक्य तसंच राहिलं, की बाई शास्त्रात चुका मानतात. खाली माझी सरळ अक्षरातली सही. त्यांच्यामागे त्यांच्याबद्दल लिहिलेलं एवढं एकच. पन्नास वर्षांनी कोणी ती वही उघडेल, लिहिलंय तसं वाचेल, आणि खरं मानेल. हा विचार मला बसू द्यायचा नाही.

तरी मी बोलले नाही. मंडळीचे पैसे माझ्याकडे होते. घेणेकऱ्याच्या समोर उभं राहून, तुमच्या वहीत खोटं आहे, हे मला म्हणता येत नव्हतं. यहूदाचं जे दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलं आहे, ते मी पुन्हा पुन्हा काढून वाचायची. एकात तो पैसे परत करतो. एकात तो त्या पैशांत जागा घेतो. मी कोणता, हे मला ठरवता येईना. त्या पैशांत माझी मुलगी नर्स होत होती.

मुलीला अकोल्यातच नोकरी लागली. पहिल्या पगारापासून आम्ही फेडायला लागलो. तिचे थोडे, माझे थोडे. तीन वर्षं लागली. शेवटच्या वेळी मुलगी म्हणाली, "आई, मी फोनवरून टाकून देतो ना. तू काहून जातं?" मी म्हटलं, नाही, हातात द्यायचे आहेत.

चाचांच्या दुकानावर आता त्यांचा नातू बसतो. त्याच्याकडून एक लाल धागा मागून घेतला आणि सुई घरून नेली.

बैठकीच्या त्याच खोलीत साहेब आणि खजिनदार बसले होते. मी नोटा टेबलावर ठेवल्या. खजिनदारांनी पावतीपुस्तक ओढलं. मी म्हटलं, "आधी ठरावाची वही दाखवता का?"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. साहेबांनी वही काढून दिली. मी पानं उलटत माझ्या सहीपर्यंत गेले, बोट ठेवलं आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

"हे खोटं आहे, साहेब. बाई चूक कधी म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला दुसरं सांगून पाठवलं होतं. मी भ्याले आणि मान हलवली."

साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. "इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"पैसे बाकी होते."

त्यांना ते लागलं. चेहरा उतरला. "मी त्यासाठी पैसे दिले नव्हते हो."

"मला ठाऊक आहे, साहेब. तुमच्याकडून काही नव्हतं."

खजिनदार म्हणाले, "पण वहीत खाडाखोड होत नाही. मंजूर झालेलं खोडता येत नाही."

"खोडू नका," मी म्हटलं. "ते तसंच राहू द्या. मी पुढं लिहिते."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. ताज्या पानावर मी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, ओळ उतरत गेली. लिहिलं की बाई म्हणत, शास्त्रात दोन साक्षी आहेत आणि दोन्ही ठेवायच्या. लिहिलं की त्या दिवशी मी खोटी साक्ष दिली. वावरातल्या बाईची गोष्टही लिहिली, सगळी. खाली नाव घातलं. मग सुई काढली, जुन्या पानाच्या कडेला भोक पाडलं, गाठ मारली, आणि धागा वहीच्या वरून आणून नव्या पानाला बांधला.

खजिनदार काही बोलणार होते. साहेबांनी हात वर केला. त्यांनी वाकून तो धागा पाहिला. बोट जवळ नेलं. मला वाटलं तोडतात. त्यांनी गाठ पक्की आहे का ते पाहिलं, आणि वही मिटली.

मग खजिनदारांनी नोटा मोजल्या, पावती फाडली, शिक्का मारला आणि माझ्याकडे सरकवली. मी तिथेच उभी राहून बोट ठेवून ती मोठ्यानं वाचली. आधी माझं नाव, पूर्ण, मग रक्कम, मग शेवटची ओळ, की सगळे पैसे परत मिळाले, आता काही येणे नाही. एकही शब्द सोडला नाही.